१२ तास यंत्राचे, १५६ तास आपले



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता किंवा किमान वेतन यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज आम्ही मूत्रपिंडाच्या जुनाट रोगावर आणि त्या रोग्याच्या शुश्रूषेवर बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण आठवीत संपले. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि रुग्णालयांच्या बाकांवर झाले. म्हणून जे सांगणार, त्यातले काही डॉक्टरांना आणि परिचारिकांना पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतलेले आहे, आणि काही स्वतः चुकून शिकलेले आहे.

प्रथम एक साधा हिशेब. आठवड्याचे तास १६८. ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली, त्याला सामान्यतः आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास, डायलिसिसच्या यंत्रावर घेतात. म्हणजे यंत्राचे तास १२. आमच्या इचलकरंजीत यंत्रमागावरची पाळी पुष्कळ ठिकाणी अजून १२ तासांचीच चालते. तेव्हा मागवाल्याची एक पाळी आणि रोग्याचा यंत्रावरचा अख्खा आठवडा सारख्याच लांबीचे. उरले १५६ तास. त्या तासांत रोगी घरी असतो, एस.टी.त असतो, जमल्यास कामावर असतो. यंत्र कोठे मिळेल, खर्च किती येईल, याची चर्चा सगळे करतात. या १५६ तासांची पाळी कोणी सांभाळायची, हे कोणी विचारीत नाही. आमचे आजचे सांगणे एवढेच की, ती पाळी सांभाळणे हीच शुश्रूषा होय, आणि ती घरातल्या एकट्या बाईवर टाकून चालत नाही. वाटूनच घ्यावी लागते.

हे आम्हांला कसे कळले ते आधी सांगतो. २००९ साली आमचा एक जोडीदार आजारी पडला. तो जॉबर होता; माग बिघडला की दुरुस्त करणारा. वय चाळिशीचे. रक्तदाब वाढलेला होता, पण डोके दुखले की दुकानातून गोळी आणून घ्यायची, एवढाच त्यावर उपाय. पाय सुजले, धाप लागू लागली, तेव्हा तपासणी झाली आणि दोन्ही मूत्रपिंडे गेली असे कळले. डायलिसिससाठी जागा मिळाली ती कोल्हापूरला. आठवड्यात तीन खाडे पडू लागताच कारखान्याने त्याचे नाव कमी केले. आम्ही त्याविरुद्ध भांडलो, पावतीपुस्तके छापली, पाळी सुटताना दारात उभे राहून वर्गणी गोळा केली. युनियनने आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडले नाही, याचा आम्हांला अभिमानही वाटला.

त्याचे डायलिसिस मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी होई. एका रविवारी आम्ही चौघे त्याला भेटायला गेलो. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून वाटेत शहाळी आणि मोसंबी घेतली. वहिनींनी अगत्याने शहाळी फोडली, त्याने ती आवडीने घेतली. सोमवारी रात्री त्याचे हातपाय लुळे पडू लागले, छाती धडधडू लागली. मंगळवारी पहाटे रुग्णालयाच्या दारात पोचेपर्यंत तो गेला होता. डॉक्टरांनी आम्हांला बाजूला घेऊन विचारले, "दोन दिवसांत याच्या खाण्यापिण्यात काय आले होते?" आम्ही सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "रक्तात पोटॅशियम फार चढले असावे. तुम्हांला कोणी सांगितले नव्हते का?"

केवळ शहाळ्यानेच तो गेला, असे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. पण त्या दिवसापासून एक गोष्ट आमच्या मनातून गेली नाही. आम्ही त्याच्या १२ तासांचे पैसे गोळा केले होते. १५६ तासांची चौकशी एकदाही केली नव्हती. वहिनींनाही कोणी काही समजावून दिले नव्हते. त्यानंतर आम्ही शिकू लागलो.

आता शहाळ्यासारखी सात्त्विक वस्तू घातक का ठरावी, हे समजण्यासाठी मूत्रपिंड काय करते ते पाहू. मूत्रपिंडे दोन. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, बरगड्यांच्या खालच्या कडेशी ती असतात, आणि प्रत्येक साधारण मुठीएवढे असते. प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी या गाळण्यांतून रक्तातून गाळले जाते. त्यातले बहुतेक सगळे शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडते. अन्नातल्या प्रथिनांपासून होणारा युरिया, स्नायूंपासून होणारे क्रिॲटिनिन, जादा मीठ, जादा पोटॅशियम, आम्ल, हे सारे त्या लघवीवाटे जाते. याशिवाय मूत्रपिंडे रक्तदाबावर ताबा ठेवतात, तांबड्या पेशी तयार करण्याचा हुकूम अस्थिमज्जेला पाठवतात आणि हाडांसाठी ड जीवनसत्त्व उपयोगी रूपात आणतात. म्हणून मूत्रपिंडे गेली की अंगावर सूज येते, रक्त कमी होते, हाडे दुखतात, अंगाला खाज सुटते, अन्नावरची वासना उडते. पोटॅशियम मात्र सर्वांत दगलबाज. ते बाहेर न पडता रक्तात साचले की हृदयाची लय बिघडवते, आणि कधी कधी आगाऊ सूचनाही देत नाही. शहाळ्याच्या पाण्यात ते भरपूर असते. धडधाकट माणसाला हे पाणी हितकर, कारण त्याची मूत्रपिंडे जादा पोटॅशियम लघवीवाटे टाकून देतात. आमच्या मित्राला तो मार्गच उरला नव्हता.

मूत्रपिंडे हे तक्रार न करणारे कामगार आहेत. निम्म्या गाळण्या बंद पडल्या तरी उरलेल्या अधिक राबून काम चालू ठेवतात, आणि घरच्या धन्याला पत्ताही लागत नाही. गाळण्याचा वेग मिनिटाला ९०च्या वर असला तर तो ठीक समजतात. ६०, ३० आणि १५ या पुढच्या पायऱ्या. १५च्या खाली गेला म्हणजे शेवटची पायरी. पुष्कळांना पहिले दुखणे जाणवते ते रोग खालच्या पायऱ्यांवर पोचल्यावर. पण ओळखायचे म्हटले तर तपासण्या अगदी साध्या आहेत: रक्तदाब, रक्तातली साखर, रक्तातले क्रिॲटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन. ज्याला मधुमेह आहे किंवा रक्तदाब आहे, ज्याच्या घराण्यात हा रोग आहे, ज्याला वारंवार मुतखडे होतात, त्याने वर्षातून एकदा या तपासण्या कराव्याच. मधुमेह आणि रक्तदाब ही मूत्रपिंड निकामी होण्याची दोन मोठी कारणे आहेत. अंगदुखीवर मनाला येईल तशा वेदनाशामक गोळ्या घेत राहणे हेही घातक, आणि कोणाच्या सांगण्यावरून खाल्लेली, काय घातले आहे ते ठाऊक नसलेली भस्मे व चूर्णेही घातक. रोग वेळीच कळला, तर रक्तदाब ताब्यात ठेवून, आणि मूत्रपिंडांचा ऱ्हास मंद करणारी जी औषधे आता मिळतात ती घेऊन, डायलिसिस कित्येक वर्षे पुढे ढकलता येते. काहींवर ती पाळी कधीच येत नाही.

कामाच्या जागेचाही यात वाटा आहे. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत उसाच्या फडात राबणाऱ्या तरुण पुरुषांची मूत्रपिंडे निकामी होताना दिसली. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाबही नव्हता. २००२पासून यावर शास्त्रज्ञ लिहीत आहेत. सगळी कारणे अजून निश्चित झालेली नाहीत, पण भर उन्हात, पुरेसे पाणी न पिता, उसंत न घेता केलेले अंगमेहनतीचे काम हे त्यांतले एक मानले जाते, आणि तेथे पाणी, सावली व विसावा देण्याचे उपाय सुरू झाले आहेत. आपल्या देशात आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यातील उद्दानम भागातही मूत्रपिंडाच्या रोगाने पुष्कळ घरे ग्रासली आहेत. आमच्या पंचक्रोशीत दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांना फडात पिण्याचे पाणी आणि दुपारची सावली मिळावी, ही मागणी दयेची नसून आरोग्याची आहे, हे कारखानदारांनी आणि आपणही ध्यानात घ्यावे.

आता यंत्राकडे येऊ. हे यंत्र ज्याने प्रथम चालवून दाखवले तो विलेम कोल्फ हा हॉलंडमधला डॉक्टर. १९४३ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कांपेन या छोट्या गावच्या रुग्णालयात त्याने एका पिंपावर सेलोफेनच्या नळ्या गुंडाळल्या आणि ते पिंप क्षारयुक्त पाण्याच्या टाकीत फिरते ठेवले. नळ्यांतून रक्त जाई आणि त्यातली घाण पाण्यात उतरे. आधीचे बहुतेक रोगी वाचले नाहीत. १९४५ साली ६७ वर्षांची एक बेशुद्ध स्त्री शुद्धीवर आली आणि जगली. तरी अडचण राहिलीच. दर वेळी नवी शीर उघडावी लागे, म्हणून काही दिवसांपलीकडे उपचार चालवता येत नसे. ती अडचण अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरी बेल्डिंग स्क्रिबनर याने सोडवली. त्याने हातातल्या धमनीत आणि शिरेत टेफ्लॉनची नळी कायमची बसवली. ९ मार्च १९६० रोजी ज्याच्यावर हे उपचार सुरू झाले तो क्लाइड शील्ड्स हा यंत्रकामगार होता, आमच्या जॉबरच्याच जातकुळीचा. तो त्यानंतर ११ वर्षे जगला.

पण यंत्रे मोजकी आणि रोगी अनेक. सिअ‍ॅटलला निवडीसाठी सात नागरिकांची समिती नेमली गेली. या समितीत वकील होता, पाद्री होता, गृहिणी होती, आणि एक कामगार पुढारीही होता. कोणाला मुले किती, कोणाचे शिक्षण काय, कोण चर्चला जातो, हे पाहून कोणाला यंत्र द्यायचे ते ही समिती ठरवी. १९६२ साली ही हकीगत एका मोठ्या साप्ताहिकात छापली गेली आणि तिच्यावर मोठे वादळ उठले. त्या कामगार पुढाऱ्याच्या खुर्चीत आपण असतो तर काय केले असते, हा विचार आम्हांला अस्वस्थ करतो. पुढे १९७२ साली अमेरिकेने कायदा करून या उपचाराचा बहुतेक भार सरकारवर घेतला, आणि तशा निवडीची गरज उरली नाही.

आपल्याकडे पुष्कळांना डायलिसिस हा शब्द कळला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. एके काळी अखिल भारतीय रेल्वे कामगार महासंघाचे ते अध्यक्ष होते. १९७५च्या आणीबाणीत ते अटकेत असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचे डायलिसिस सुरू झाले. लोकांनी दिलेल्या वर्गणीतून त्यांच्यासाठी यंत्र घेतले गेले. १९७७च्या निवडणुकीत त्यांनी डायलिसिस चालू असतानाच सभा केल्या, आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. डायलिसिसवरचा माणूस म्हणजे संपलेला माणूस, असे जे समजतात त्यांनी हे आठवावे.

आजच्या यंत्रात रक्त एका नळकांड्यातून जाते. त्यात केसासारख्या हजारो पोकळ तंतूंची जुडी असते. आतून रक्त आणि बाहेरून शुद्ध केलेले क्षारयुक्त पाणी. मिनिटाला साधारण अर्धा लिटर म्हणजे चार तासांत सुमारे १२० लिटर पाणी वापरले जाते, म्हणून केंद्रातले पाणी शुद्ध असणे हे यंत्राइतकेच महत्त्वाचे. रक्त काढण्या-घालण्यासाठी हाताची धमनी शिरेला जोडून घेतात. ही पद्धत १९६६ साली न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. तिला फिस्टुला म्हणतात. फिस्टुला तयार व्हायला सहा आठवडे किंवा अधिक लागतात, म्हणून तो आधीच करून ठेवणे शहाणपणाचे. तो नसेल तर मानेत नळी घालावी लागते, आणि नळीतून जंतू रक्तात शिरण्याचे भय मोठे.

यंत्रावरून उतरलेला रोगी पिळून काढल्यासारखा थकलेला असतो. रक्तदाब उतरतो, पायांत गोळे येतात. त्या दिवशी त्याच्याकडून कामाची अपेक्षा धरू नये आणि त्याला एकट्याने प्रवासाला सोडू नये. आपल्याकडे पैशाअभावी पुष्कळजण तीनाऐवजी दोनच वेळा जातात. उरलेले विष आणि पाणी मग अंगातच राहते. सगळ्यांत धोक्याचा असतो तो दोन दिवसांचा खंड, आणि नेमका त्यातच रविवार येतो. सणवार, लग्ने, पाहुणे सगळे रविवारी. आम्हीही रविवारीच गेलो होतो.

आता त्या १५६ तासांकडे वळू. पहिली गोष्ट पाणी. ज्याची लघवी जवळजवळ बंद झाली त्याने प्यायलेला एक लिटर म्हणजे वजनकाट्यावर एक किलो. ते पाणी प्रथम पायांत, मग फुप्फुसांत साठते. म्हणून रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करून वहीत मांडावे. दोन डायलिसिसांच्या मध्ये वाढ साधारण दोन किलोंच्या आत ठेवा, असे सांगतात. नेमका आकडा डॉक्टर ठरवून देतील. दिवसाची लघवी आणि वर अर्धा लिटर, हे पाण्याचे ढोबळ माप. यात चहा, ताक, आमटी सगळे धरायचे. दिवसाचे पाणी सकाळीच एका बाटलीत काढून ठेवावे, तांब्याऐवजी लहान कपाने घ्यावे, तहान लागली तर चूळ भरावी, बर्फाचा खडा किंवा लिंबाची फोड चोखावी.

दुसरी गोष्ट मीठ. मीठ खाल्ले की तहान लागते, मग पाण्याचा नियम कोण पाळणार? लोणचे, पापड, फरसाण, खारे शेंगदाणे, सुके मासे बंद. सैंधवही शेवटी मीठच. आणि दुकानात जे कमी सोडियमचे मीठ म्हणून मिळते ते या रोग्याला मुळीच देऊ नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते.

तिसरी गोष्ट पोटॅशियम. शहाळे, केळे, मोसंबी, संत्रे, टोमॅटो, बटाटा, सुका मेवा यांत ते अधिक. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळाव्या आणि ते पाणी ओतून द्यावे. बरेचसे पोटॅशियम त्याबरोबर जाते. सफरचंदासारखे फळ थोडे चालते, पण प्रमाण आहारतज्ज्ञाला विचारून ठरवावे. कापल्यावर चांदणीसारखी चकती दिसणारे करमळ हे फळ मूत्रपिंडाच्या रोग्याने चाखूही नये. त्याने मेंदूवर विषारी परिणाम होतो. आमच्या कोल्हापूरकरांचा तांबडा-पांढरा रस्सा म्हणजे पाणी, मीठ आणि पोटॅशियम तिन्ही एका वाटीत. तो सोडणे कोल्हापूरकराला किती जड जाते, हे आम्ही जाणतो.

चौथी गोष्ट प्रथिने, आणि येथे घरोघरी घोटाळा होतो. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी डॉक्टर डाळी, अंडी, मांस बेताने खायला सांगतात. सुरू झाल्यावर नियम उलटतो, कारण यंत्रावर प्रथिनांचाही ऱ्हास होतो. पण घरचे जुनाच नियम चालवतात आणि रोगी वाळत जातो. डायलिसिसवर असलेल्याला अंड्याचा पांढरा भाग, मासे, कोंबडी, शाकाहाऱ्यास पनीर, मोजून डाळ, हे सांगितल्या प्रमाणात मिळालेच पाहिजे.

पाचवी गोष्ट औषधे. फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी जेवणाबरोबरच घ्यायची. जेवण झाल्यावर तासाने घेतली तर ती वाया जाते. रक्त वाढवण्याची इंजेक्शने चुकवू नयेत. मधुमेही रोग्याची साखर मूत्रपिंडे गेल्यावर एकाएकी उतरू शकते, म्हणून पूर्वीचेच इन्सुलिन डोळे मिटून चालू ठेवू नये.

सहावी गोष्ट फिस्टुलाचा हात. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, सुई टोचू देऊ नये, घट्ट बांगड्या किंवा घड्याळ घालू नये, पाण्याची घागर उचलू नये, तो उशाला घेऊन निजू नये. रोज सकाळी त्यावर बोटे ठेवून पाहावे. चालू मागाला हात लावल्यावर लागते तशी बारीक थरथर लागली पाहिजे. ती थांबली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथून रक्त येऊ लागले तर नेमक्या जागी बोटाने दाब धरून ठेवावा आणि मदत बोलवावी. याखेरीज धाप लागणे, निजल्यावर श्वास कोंडणे, हातपाय एकाएकी लुळे पडणे, छातीची लय चुकणे, थंडी वाजून ताप येणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या डायलिसिसची वाट पाहू नये.

एवढी कामे ऐकून आपणांस वाटले असेल की, हे एका माणसाचे काम नव्हे. आम्हांलाही तेच सांगायचे आहे. वजन, वही, पाणी, दोन वेगळ्या भाज्या, गोळ्या, आठवड्यातून तीन दिवस प्रवास, कागदपत्रे, शिवाय घरचा धंदा आणि मुलांच्या शाळा, हे सारे आज बहुतेक घरांत एकच बाई करते. तिला पगार नाही, रजा नाही, साप्ताहिक सुटीही नाही. असे काम कोणत्या कारखान्यात चालू दिले असते?

२०१७ साली आमच्या एका मेंडिंग करणाऱ्या बहिणीवर हाच प्रसंग आला. या वेळी आम्ही वर्गणीच्या आधी पाळीपत्रक केले. आठ माणसे जमवली: भाऊ, भाचा, शेजारच्या दोन बायका, युनियनचे चौघे. कोणत्या वारी कोण तिला नेणार-आणणार, बाजार कोण करणार, औषधे कोण आणणार, ते लिहून भिंतीवर लावले. तिच्या घरी सगळे करणारी तिची थोरली सून. तिला आठवड्यातून एक दिवस मोकळा, असे पत्रकातच लिहिले. पहिल्यांदा ती म्हणाली, "काका, मला कशाला सुटी? लोक काय म्हणतील?" आम्ही म्हटले, "बाई, थकलेला माणूसच गोळ्या चुकवतो. ही सुटी तुझ्यासाठी नव्हे, पाळीसाठी आहे." कारखान्यात भांडण न करता बसून बोललो; काम नगावर होते, म्हणून डायलिसिस नसलेल्या दिवशी ती जमेल तेवढे काम करील असे ठरले. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी झाली, एस.टी. थांबली, तेव्हा पाळीपत्रकातल्याच एकाने पोलिसांचा परवाना काढला आणि आपल्या रिक्षातून तिला नेले. एकही खेप चुकली नाही. ती आजही आमच्यात आहे.

सरकारी मदतीविषयी दोन शब्द. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, केंद्र सरकारने २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, आणि विमा असलेल्या कामगाराला राज्य कामगार विम्यातून उपचार मिळतात. पण ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही त्याला विमा कोठून मिळणार? आणि यंत्राचा खर्च सुटला तरी प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी सुटत नाही. हजेरीपटावर नाव घालणे ही म्हणूनच आरोग्याचीही मागणी आहे.

केंद्रात जाऊन घेण्याच्या डायलिसिसला पर्यायही आहेत. पोटातल्या पडद्याचाच गाळणीसारखा उपयोग करून घरी डायलिसिस करता येते. दिवसातून साधारण चार वेळा द्रव बदलावा लागतो आणि स्वच्छता काटेकोर ठेवावी लागते. दूरच्या खेड्यातल्या रोग्याने याची चौकशी जरूर करावी. योग्य रोग्याला सर्वांत चांगला उपाय प्रत्यारोपण. १९९४च्या कायद्याने मूत्रपिंडाची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली असून, मेंदू मृत झालेल्या व्यक्तीचे अवयव नातेवाइकांच्या संमतीने देता येतात. पण आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका अधिक आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक, हे आपण लाज वाटून ऐकावे. कोणी अतिवृद्ध, अनेक रोगांनी जर्जर माणूस विचारपूर्वक यंत्र नको म्हणाला, तर त्याच्या वेदना व धाप कमी करीत त्याला सोबत देणे हीही शुश्रूषाच आहे. तो निर्णय मात्र त्याचा असावा, त्याच्या गरिबीचा नसावा.

असो. आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत असा एखादा रोगी असेल किंवा उद्या होईल. त्याला भेटायला जाल तेव्हा शहाळी घेऊ नका, मोसंबी घेऊ नका. खुशाल हात हलवत जा. घरच्या बाईजवळ बसा आणि विचारा, "वहिनी, मंगळवारी त्याला आम्ही घेऊन जाऊ का?" आम्हांला हे विचारायला एका जोडीदाराचा जीव जावा लागला. तुम्ही ते आजच विचारावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.